इतर काही सांगायचं असल्यास



मी आजवर चार अभ्यासांत भाग घेतलाय. संशोधक म्हणून नाही बरं का, तेवढी चिकाटी माझ्यात नाही. मी टेबलाच्या पलीकडच्या बाजूला असतो. ज्याला डोळे मिटायला सांगून टाचणी टोचतात आणि "टोकदार वाटतंय की बोथट?" असं विचारतात, तो मी. आताच्या पेपरांत अशा माणसाला 'पार्टिसिपंट' म्हणतात, जुन्या पेपरांत 'सब्जेक्ट' म्हणायचे. माझी आई शेजारच्या काकूंना सांगते, "येच्यावर परयोग करून रायले लोकं." तिन्ही व्याख्या आपापल्या जागी बरोबर आहेत :-)

ज्यांना माझी हकीकत माहीत नाही त्यांच्यासाठी थोडक्यात. २०१२ च्या डिसेंबरात बाईकवरून अमरावतीहून अकोल्याला येत होतो. माना गावाच्या आसपास, अंधारात रस्त्याकडेला उभ्या असलेल्या ट्रॅक्टरच्या ट्रॉलीवर मागून आदळलो. ट्रॉलीला मागे दिवा नव्हता. मज्जारज्जूला इजा झाली, पातळी टी-४. हात शाबूत, मेंदू (ऑफिसच्या मते) बऱ्यापैकी शाबूत, छातीच्या मध्यापासून खाली मात्र नेटवर्क नाही. तेव्हापासून चाकाची खुर्ची. याच महामार्गावर जून २०२२ मध्ये लोणी ते माना असं ७५ किलोमीटर डांबरीकरण १०५ तास ३३ मिनिटांत पूर्ण करून गिनीज विक्रम झाला. रस्ता आता सुसाट झालाय. ट्रॉलीला मागे लाल दिवा लावायला किती मिनिटं लागतात, याचा विक्रम मात्र कुणी अजून नोंदवलेला नाही.

असो. मुद्दा अभ्यासांचा.

पहिला अभ्यास फिजिओथेरपीच्या एका पदव्युत्तर विद्यार्थिनीचा होता. तिचा प्रबंध होता आणि तिला मज्जारज्जूची इजा झालेले लोक हवे होते. ती आमच्या जठारपेठेतल्या घरी आली तेव्हा एप्रिल होता, दुपार होती, आणि तिच्या बॅगेत टाचण्या, कापूस आणि बावीस पानांचा गठ्ठा होता.

टाचणी-कापसाची ती परीक्षा जगभर सगळीकडे एकाच पद्धतीनं घेतात. शरीराच्या प्रत्येक बाजूला २८ ठरलेली ठिकाणं. प्रत्येक ठिकाणी आधी कापूस, मग टाचणी. म्हणजे एकूण ११२ वेळा तुम्हाला विचारलं जातं, की कळलं का? तुलनेसाठी गालावर लावून दाखवतात, कारण गाल हा आपल्या सगळ्यांचा चालू असलेला रेफरन्स सर्व्हर. मग हातापायांचे दहा-दहा स्नायू, प्रत्येकाला शून्य ते पाच गुण. शेवटी ए ते ई अशी श्रेणी मिळते. शाळेतल्यासारखी ए श्रेणी मिळाली म्हणून नाचू नका, इथे ए म्हणजे पूर्ण इजा. माझा निकाल: संवेदनेत प्रत्येक बाजूला २८ पैकी ११ पास, १७ फेल. स्नायूंमध्ये १०० पैकी ५०. वडील निवृत्त शिक्षक. ते म्हणाले, "पास झालास की रे, पस्तीसला पासिंग असतं."

त्यानंतर प्रश्नावली. त्यातली एक शंभर गुणांची आहे, तुम्ही दैनंदिन जीवनात किती स्वावलंबी आहात ते मोजणारी. अंघोळ, कपडे, जेवण यांना मिळून २० गुण. श्वास, लघवी आणि संडास यांना ४०. हालचालीला ४०. मला हे वजन फार आवडलं. बाहेरच्या माणसाला वाटतं की आमची सगळ्यात मोठी अडचण म्हणजे चालता न येणं. ज्यांनी ही पट्टी बनवली त्यांना माहीत होतं की दिवस खरा ठरतो तो मूत्राशयावर. मीटिंग कितीला आहे त्यापेक्षा कॅथेटर कितीला आहे हे माझ्या कॅलेंडरमध्ये आधी लागतं.

पण त्याच पट्टीत एक गंमत दिसली. जमिनीवरून खुर्चीत स्वतःचं स्वतः येता आलं तर गुण किती? एक. शंभरात एक. परदेशात ठीक आहे हो, तिथे माणूस जमिनीवर जातो तो पडल्यावरच. आमच्याकडे पंगत जमिनीवर, पूजा जमिनीवर, उन्हाळ्यातली झोप जमिनीवर, आणि मावशी आली की गप्पा सतरंजीवर. तो एक गुण मिळाला तर मी घरातला माणूस असतो, नाही मिळाला तर मी सगळ्यांपेक्षा दोन फूट उंचावर बसलेला पाहुणा. मी तिला हे सांगितलं. तिनं समासात पेन्सिलीनं लिहून घेतलं. समासात लिहिलेल्याचं पुढे काय होतं, हा प्रश्न मला तेव्हा पडला नव्हता.

भाषेचाही घोळ असतोच. एक प्रश्न असा होता: "आपल्या जीवनातील अर्थपूर्णतेची आपणांस कितपत जाणीव होते?" पर्याय पाच. मी विचारात पडलो. आई स्वयंपाकघरातून म्हणाली, "त्याले पोटभर जेवण भेटते न, मोबाईल भेटते, लिव्हा चार." विद्यार्थिनी हसली, पण नियम असा की उत्तर ज्याचं त्यानंच द्यायचं. मी तीन लिहिलं. एप्रिलची दुपार होती, जानेवारीत विचारलं असतं तर चार दिले असते.

हे विनोदानं म्हणत नाहीये. टी-६ च्या वरच्या पातळीला इजा असेल तर शरीराचा तापमान-नियंत्रक नीट चालत नाही, कारण इजेखालच्या भागाला घाम आणण्याचा निरोपच पोचत नाही. मला घाम येतो तो फक्त डोकं, मान, खांदे, हात आणि छातीच्या वरच्या भागाला. बाकी शरीर म्हणजे फॅन बंद पडलेला लॅपटॉप. आणि आमचं गाव अकोला! मे महिन्यात पारा ४५ च्या पुढे जाणं ही इथे बातमी नसते. त्या महिन्यात मी सकाळी नऊनंतर घराबाहेर पडत नाही, कूलरपुढे ओला टॉवेल खांद्यावर घेऊन कोड लिहितो. कॅमेरा चालू करायला सांगितलं तर पुण्यातली टीम विचारते, "सर, स्विमिंगला गेला होतात का?"

दुसरा अभ्यास ऑनलाइन होता, परदेशी विद्यापीठाचा, इंग्रजीत. चाळीस मिनिटं. त्यात हवामानाचा त्रास होतो का, असा एक प्रश्न आला आणि पर्याय होते 'नाही', 'थोडा', 'बराच'. वऱ्हाडातला मे महिना 'बराच' मध्ये कोंबून पुढे गेलो.

असे जागतिक अभ्यास वाढताहेत ही चांगलीच गोष्ट आहे. २०१७ ते २०१९ या काळात मज्जारज्जूच्या इजेसह जगणाऱ्यांचं एक मोठं आंतरराष्ट्रीय सर्वेक्षण झालं. २२ देश, साडेबारा हजारांवर माणसं. चीन होता, इंडोनेशिया, मलेशिया, थायलंड होते. भारत नव्हता. जागतिक आरोग्य संघटनेच्या २०२४ च्या माहितीप्रमाणे जगात दीड कोटीहून जास्त लोक या इजेसह जगताहेत. त्यातले आपल्याकडे किती? २०११ च्या जनगणनेत अपंगत्वाचे रकाने होते, 'हालचालीतलं' असा एक होता, पण मज्जारज्जूचा वेगळा नव्हता. म्हणजे पोलिओ झालेले, पाय गमावलेले आणि मी, सगळे एकाच फोल्डरमध्ये.

तिसरा अभ्यास मला आवडला, कारण त्यात यंत्र होतं. पुण्यातल्या एका संस्थेत खुर्चीच्या गादीवर सेन्सरची चादर टाकून मला बसवलं. समोरच्या पडद्यावर माझ्या बुडाचा नकाशा उमटला. निळा म्हणजे दाब कमी, लाल म्हणजे जास्त. डाव्या बाजूला बसण्याच्या हाडाखाली लालभडक ठिपका. माझं डावं बूड इतकी वर्षं ओव्हरलोडवर चाललं होतं आणि मला अलर्ट येत नव्हता, कारण अलर्टची वायरच तुटलेली. तुम्ही सिनेमा बघताना दहा वेळा कूस बदलता ते तुमच्या लक्षातही येत नाही. आम्हाला ते घड्याळ लावून करावं लागतं: दर पंधरा ते तीस मिनिटांनी पुढे वाकायचं, दोन मिनिटं तसंच राहायचं. नाहीतर कातडी आतून मरते आणि जखम होते, ती हाडापर्यंत जाऊ शकते. त्या दिवसापासून माझ्या लॅपटॉपवर वीस मिनिटांचा टायमर आहे. चार अभ्यासांत मला हातात मिळालेली ही एक गोष्ट. (आणि येण्याजाण्याचं भाडं. आणि एक पेन.)

ही "पुढे वाका, कूस बदला" मंडळी आली कुठून? दुसऱ्या महायुद्धापर्यंत पाठीच्या कण्यात गोळी लागलेला सैनिक म्हणजे संपलेला सैनिक असं धरून चालत. जखमा आणि मूत्रमार्गाचा संसर्ग, यातच तो जाई. १९४४ मध्ये इंग्लंडमधल्या स्टोक मँडेव्हिलला लुडविग गटमन या डॉक्टरनं वॉर्ड हाती घेतला आणि दर दोन तासांनी, रात्रीसुद्धा, प्रत्येकाची कूस बदलायचा हट्ट धरला. मग त्यांना खेळायला लावलं. १९४८ मध्ये तिथे भरलेल्या स्पर्धांतून पुढे पॅरालिम्पिक उभं राहिलं. त्याच वाटेवर आपले मुरलीकांत पेटकर. १९६५ च्या युद्धात गोळ्या लागल्या, आणि १९७२ मध्ये हायडेलबर्गला ५० मीटर फ्रीस्टाइल ३७.३३ सेकंदांत पोहून त्यांनी सुवर्ण आणलं. पद्मश्री मिळायला २०१८ उजाडलं. २०२४ च्या 'चंदू चॅम्पियन' मुळे आता ते सगळ्यांना माहीत आहेत. पण त्या पदकाआधी स्टोक मँडेव्हिलच्या वॉर्डात ज्यांच्या अंगावर हे दोन तासांचं गणित सुटलं, ते सैनिक कुणालाच माहीत नाहीत. माझा वीस मिनिटांचा टायमर त्यांनी बसवलाय असं मी मानतो.

चौथा अभ्यास म्हणजे मुलाखत. व्हिडिओ कॉलवर, दीड तास. विषय: लग्न आणि शरीरसंबंध. आधी संमतीपत्र वाचून दाखवलं, कोणत्याही प्रश्नाला नाही म्हणू शकता असं सांगितलं. मी म्हटलं, विचारा. शेजारच्या खोलीत कुकरच्या शिट्ट्या, दाराची कडी लागत नाही (खुर्ची फिरावी म्हणून दारच रुंद करून घेतलंय, नवी कडी राहून गेली), आणि मी हळू आवाजात अशा गोष्टी सांगतोय ज्या मी मित्रांनाही सांगितलेल्या नाहीत. ठरलेलं लग्न मोडलं ते. त्यानंतर 'तो विषय' घरातून नाहीसा झाला ते. डॉक्टरांनी लघवीबद्दल विचारलं, संडासाबद्दल विचारलं, याबद्दल चौदा वर्षांत एकानंही विचारलं नाही ते. तिकडच्या बाईंनी मधे एकदाही "अरेरे" केलं नाही. त्याबद्दल त्यांना शंभर पैकी शंभर.

नंतर मी एक जुना पेपर शोधून वाचला. २००४ चा, किम अँडरसन यांचा. त्या स्वतः मज्जारज्जूच्या इजेसह जगणाऱ्या संशोधक. त्यांनी ६८१ जणांना साधा प्रश्न विचारला: काय परत मिळालं तर तुमचं जगणं सर्वात जास्त सुधारेल? मान-खांद्याच्या पातळीला इजा असलेल्यांनी पहिल्या क्रमांकावर हात सांगितले. माझ्यासारख्या, हात शाबूत असलेल्यांनी पहिल्या क्रमांकावर सांगितलं ते लैंगिक जीवन. चालणं नाही! तोवर सगळ्यांची डोकी चालण्याभोवती फिरत होती. गेल्या काही वर्षांत हातांसाठी जे काम झालं त्याच्या मागे अशी उत्तरं आहेत. मानेवर बाहेरून इलेक्ट्रोड लावून हातांची ताकद वाढवणाऱ्या एका उपकरणाची चाचणी २०२४ मध्ये प्रसिद्ध झाली, ६० जणांवरची, आणि त्याच वर्षअखेर अमेरिकेत त्याला परवानगी मिळाली. साठ म्हणजे किती, तर आमच्या ऑफिसच्या एका मजल्यावर याहून जास्त माणसं बसतात.

इथवर सगळं छान चाललंय ना? मी चार फॉर्म भरले, विज्ञान पुढे गेलं, टाळ्या. आता माझ्या आतेभावाची गोष्ट ऐका.

दादा माझ्याहून सात वर्षांनी मोठा. मूर्तिजापूर तालुक्यातलं खेडं, तीन एकर, कपाशी आणि तूर. २०१९ मध्ये शेळ्यांसाठी कडुनिंबाचा पाला तोडताना फांदीसकट खाली आला. टी-१२. माझ्यापेक्षा आठ मणके खाली, म्हणजे कागदावर माझ्याहून कितीतरी सुस्थितीत: पोटाचे स्नायू आहेत, घाम येतो, तोल सांभाळता येतो. पण माझ्याकडे पगार, रुंद दारं आणि मोजून घेतलेली गादी आहे. त्याच्याकडे शिबिरात मिळालेली खुर्ची, सगळ्यांना एकाच मापाची, आणि त्यावर घडी घातलेलं पोतं. दोन वर्षांत माकडहाडाजवळ जखम झाली.

मागच्या दिवाळीनंतर त्याचा फोन आला.

"अबे, तू करतं न ते रिसर्च? मले बी भेटलं एक."

मी म्हटलं, सांग. कुठल्याशा मोठ्या शहरातलं सेंटर, स्टेम सेलचा 'रिसर्च प्रोग्राम'. एक माणूस गावात येऊन फॉर्म देऊन गेला होता.

"पाठीत सुई देतात. सा महिन्यात पाय हालते म्हणे."

"पैसे कोन देते?"

"आपूनच. साडेतीन लाख. एक एकर काढाचा इचार हाय."

"दादा, मले त्यायनं कधी पैसे मांगतले नाई. उलट भाडं देल्लं."

तिकडे शांतता. मग तो म्हणाला, "तुहं टोचून पायनं वेगळं, हे बरं कराचं हाय."

मला त्याचा राग आला नाही. सात वर्षं ज्याला कुणी काही विचारलंच नाही, त्याच्या दारात एक माणूस फॉर्म घेऊन येतो आणि म्हणतो तुमची निवड झालीय. मीही हुरळलो असतो.

म्हणून मग रविवारी गाडी काढून (हातानं चालवायची केलीय) गावात गेलो आणि त्याला मोबाईलवर दोन गोष्टी दाखवल्या. एक, आपल्याकडे प्रत्येक वैद्यकीय चाचणीची सरकारी नोंदवही आहे, २००७ पासून. औषध-उपचारांच्या चाचण्यांना आधी नोंदणी करणं २००९ च्या जूनपासून सक्तीचं आहे. कुणीही, फुकट, घरबसल्या शोधू शकतो. दुसरी, आयसीएमआरची २०१७ ची स्टेम सेलबाबतची मार्गदर्शक तत्त्वं. रक्ताचे काही आजार सोडले तर स्टेम सेलचा वापर फक्त मान्यता मिळालेल्या चाचणीतच करायचा, आणि चाचणीत रुग्णाकडून पैसे घ्यायचे नाहीत. मज्जारज्जूची इजा त्या सोडलेल्या आजारांत नाही. म्हणजे संशोधन असेल तर पैसे नाहीत, आणि पैसे असतील तर ते संशोधन नाही. इतकं सोपं इफ-एल्स मी करिअरमध्ये लिहिलेलं नाही.

दादानं माझ्यासमोर स्पीकरवर फोन लावला. "नोंदणी क्रमांक सांगा." पलीकडून, "सर, वो सब ऑफिस में है." "एथिक्स कमिटीचं नाव?" "सर, आप पहले अ‍ॅडव्हान्स का देखो." दादानं फोन ठेवला. पुढच्या आठवड्यात दोनदा लावून पाहिला, उचलला नाही.

एकर राहिला. जखमही राहिली. निघताना दादा म्हणाला ते माझ्या डोक्यातून जात नव्हतं.

"ते खोटं निंगालं, ठीक हाय. मंग खऱ्यातलं मले काय भेटलं?"

मला वाटलं, हे तर सोपं आहे. फिजिओची एक नवी विद्यार्थिनी त्याच सुमारास लोक शोधत होती, खुर्चीवर बसून करायच्या व्यायामांवर तिचं काम होतं. मी दादाचा नंबर दिला. तिनं माहितीपत्रक पाठवलं, फोनवर सगळं समजावून सांगितलं, आणि मग अडलं. समावेशाच्या अटींत लिहिलं होतं: शरीरावर दाबाची जखम नसावी. दुसरी अट, आठवड्यातून तीनदा अकोल्याला येता यावं. दादा दोन्हींत नापास.

तिचं चुकलं नव्हतं. जखम असलेल्या माणसाला व्यायामासाठी बसवून ठेवलं तर जखम वाढेल, एथिक्स कमिटी परवानगीच देणार नाही, आणि देऊही नये. प्रत्येक अट एकेकटी बघितली तर शहाणपणाचीच आहे. पण अशा शंभर अभ्यासांच्या शंभर शहाण्या अटी एकावर एक ठेवा आणि बघा चाळणीतून कोण उरतो. शहरातला, पगारदार, जखम नसलेला, इंग्रजी येणारा, गाडी असलेला. मी उरतो. चारही अभ्यासांत मीच! आमच्या धंद्यात हा रोग ओळखीचा आहे. जे सर्व्हर चालू आहेत त्यांचेच लॉग येतात, बंद पडलेला सर्व्हर लॉग पाठवत नाही. मग डॅशबोर्ड हिरवागार दिसतो आणि मॅनेजर खूष.

मी दादाला सांगितलं की तुला घेता येत नाही, जखमेमुळे. तो थोडा वेळ गप्प बसला आणि म्हणाला, "म्हंजे ज्यायचं बरं हाय त्यायलेच मोजतात. मले कोन मोजीन?"

मग मी काय केलं? मोठं काही नाही. पुण्यातला तो रंगीत नकाशा दादाला दाखवला, पोत्याच्या जागी खरी गादी घेतली, त्याच्या मोबाईलवर वीस मिनिटांचा अलार्म लावला. वहिनी त्याला दिवसातून दोनदा दोन-दोन तास पालथं झोपवते. सरकारी दवाखान्यात ड्रेसिंग चालू आहे. जखम भरली नाहीये, पण निम्मी झालीय. माझ्या बुडाचा नकाशा त्याच्या कामी आला, म्हणजे एका अभ्यासाचा फायदा वगळलेल्या माणसापर्यंत पोचला, फक्त तो पोचवायला नात्यातला माणूस लागला. नातं नसेल त्यानं काय करायचं?

दुसरं, मी त्या विद्यार्थिनीला मेल लिहिली. किती जणांना तपासलं आणि किती जणांना कशामुळे सोडलं, हे प्रबंधात आकड्यांसह लिहिशील का? तिचं उत्तर दुसऱ्या दिवशी आलं. म्हणाली, तो तक्ता तसाही द्यावाच लागतो, सहसा दोन ओळींत उरकतात. मी कारणं वेगवेगळी लिहीन, आणि मर्यादांच्या परिच्छेदात जखमेबद्दल लिहीन. तिनं ते केलं. प्रबंध सादर झाल्यावर पीडीएफसुद्धा पाठवली, न मागता. पहिल्या चार अभ्यासांपैकी निकाल मला परत आला होता तो फक्त एकाचा, म्हणून याचं मला फार अप्रूप वाटलं.

आता हे वाचून तुमच्यापैकी कुणाच्या काकाला, बहिणीला, कॉलेजमधल्या मित्राला अशी इजा असेल, तर माझं म्हणणं एवढंच: भाग घ्या. टाचण्या सोसा, "जीवनातील अर्थपूर्णतेला" गुण द्या. पण फॉर्मवर सही करण्याआधी विचारा की नोंदणी कुठे आहे, एथिक्स कमिटी कुणाची, माझं नाव कुठे जाणार, मधेच सोडलं तर माझे उपचार थांबणार नाहीत ना, आणि निकाल मला कधी कळवणार. पैसे मागितले तर उठा. (म्हणजे, आम्ही उठू शकत नाही, पण कळलं ना?) सगळ्यात शेवटी विचारा की कुणाला घेत नाही आहात. आणि शेवटच्या पानावर 'इतर काही सांगायचं असल्यास' अशी जी चौकट असते, ती रिकामी सोडू नका. टेस्टिंगमध्ये माझा अनुभव आहे, की खरा बग ड्रॉपडाउनमध्ये कधीच सापडत नाही, तो युजरनं शेवटी वैतागून लिहिलेल्या ओळीत असतो. नसीमा हुरजूक यांचं 'चाकाची खुर्ची' ज्यांनी वाचलंय त्यांना कळेल मी काय म्हणतोय. त्यातलं कितीतरी कुठल्याच पाच पर्यायांत बसणारं नाही.

गेल्या आठवड्यात ती पीडीएफ घेऊन गावात गेलो होतो. दादा पालथा झोपला होता, हनुवटीखाली उशी. मी वगळलेल्यांचा तक्ता काढून त्याच्या तोंडासमोर धरला आणि 'दाबाची जखम' या ओळीवर बोट ठेवलं.

"माहं नाव हाय का यात?"

"नाव नसते, दादा. आकडा असते नुसता."

त्यानं मोबाईल हातात घेतला, दोन बोटांनी ती ओळ मोठी केली, बराच वेळ पाहिलं.

"बरं," तो म्हणाला. "मंग या आकड्यात मी हाव."

तेवढ्यात त्याचा वीस मिनिटांचा अलार्म वाजला. पालथं असताना तो लागत नाही, पण बंद करायचा राहिला होता. वहिनी चहा घेऊन आली.